नामिबियातील वाळवंटी सफारी कॅम्प आणि वन्यजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेची सफारी म्हटली की बहुतेकांना केनिया-टांझानियाची गवताळ मैदाने आठवतात. नामिबियाचा मामला वेगळा आहे. देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, लोकसंख्या सुमारे ३० लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराहून कमी. पाणी तुटपुंजे आणि अंतरे लांब. त्यामुळे येणारे प्रश्नही वेगळे असतात. खालची उत्तरे एतोशा, दामारालँड आणि नामिब या तीन भागांपुरती आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वाळवंटात प्राणी खरंच दिसतात का? की नुसती वाळूच बघायची?

दिसतात, पण कुठे काय दिसते हे आधी समजून घ्या. निराश होऊन परतणाऱ्यांची गफलत बहुधा इथेच झालेली असते.

नामिब म्हणजे अटलांटिक किनाऱ्यालगतचा वाळूचा पट्टा. सोसुसफ्लेचे लाल डोंगर इथलेच. इथे ओरिक्स आणि स्प्रिंगबॉक ही हरणे, शहामृग, कोल्हे, सरडे आणि असंख्य किडे दिसतात. हत्ती-सिंहांच्या आशेने सोसुसफ्लेला जाऊ नका. दामारालँड खडकाळ आहे. तिथल्या कोरड्या नद्यांच्या पात्रांत वाळवंटी हत्ती, जिराफ, डोंगरी झेब्रे, काळे गेंडे आणि मोजके सिंह आहेत, पण ते शोधावे लागतात. एतोशा हे सुमारे २२ हजार चौरस किमीचे राष्ट्रीय उद्यान. त्याच्या मध्यभागी पाच हजारांच्या आसपास चौरस किमीची खारपड जमीन पसरली आहे. कोरड्या दिवसांत प्राणी पाण्यावर आपण होऊन गोळा होतात ते इथे.

पहिल्यांदा जात असाल तर सर्वांत जास्त मुक्काम एतोशाला द्या.

२. मेच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

प्राणी पाहायचे असतील तर दिवाळीत, हवा सुखाची हवी असेल तर मेमध्ये.

पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो. मेमध्ये गवत उंच असते, रानात डबकी शिल्लक असतात आणि प्राणी पांगलेले असतात. जून ते ऑगस्ट थंडी. दिवसा २० ते २५ अंश, पण पहाटे पारा शून्याजवळ येतो आणि कधी त्याच्याही खाली जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडोरा वाळून विरळ होतो, डबकी आटतात आणि प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यांवर यावेच लागते. हा दर्शनाचा कळस. ऑक्टोबरमध्ये दुपारी ३५ ते ४० अंश तापते. विदर्भातल्या माणसाला हे नवीन नाही, पण तंबूत पंखा असेलच असे नाही.

दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर येणार असेल तर पहिल्या पावसाची शक्यता धरा. एकदा चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत पाणवठे ओस पडतात.

३. किती दिवस काढावेत?

गाडीने फिरायचे असेल तर ११-१२ रात्री. राजधानी विंडहुकहून निघून सेस्रिएमला (सोसुसफ्लेचे फाटक) २ रात्री, किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला २, दामारालँडमध्ये २ आणि एतोशात ४ (तिथल्या सरकारी मुक्कामांपैकी दोन पश्चिमेकडे ओकाउकुएयोला, दोन पूर्वेकडे नामुटोनी किंवा हलालीला), मग परत विंडहुक. यातली बहुतेक अंतरे ३०० ते ४५० किमी भरतात आणि बरीचशी खडीच्या रस्त्याने जातात. नकाशावर चार तास दिसतात तिथे सहा धरा.

आठच दिवस असतील तर नामिब सोडून द्या. विंडहुकहून ओकाउकुएयो साधारण ४३५ किमी आणि जवळजवळ सगळा रस्ता डांबरी आहे. रोज मुक्काम बदलणारी सहल प्राण्यांसाठी वाया जाते. प्राणी दिसण्याची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, आणि नेमकी तीच सामान आवरण्यात जाते.

४. व्हिसा, विमान आणि यलो फीव्हरच्या लशीचं काय?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून व्हिसाची पद्धत बदलली आहे. त्याआधीचे अनुभव वाचून ठरवू नका, तिथल्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर चालू नियम आणि शुल्क पाहा.

मुंबईहून थेट विमान नाही. बहुतेक जण अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे जातात. जोहान्सबर्गमार्गे जाताना सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटे असतील तर सामान उचलून पुन्हा द्यायला बाहेर पडावे लागते आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. हे मुंबईच्या चेक-इन काउंटरवर लक्षात येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नामिबियात यलो फीव्हर नाही, इथिओपिया आणि केनियात आहे. भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सूट मिळू शकते, पण ती अधिकाऱ्यांनी मान्य करायची असते. या देशांमार्गे जाणार असाल तर लस घेऊनच टाका. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

५. मुलांना नेता येतं का? जन्मदाखला लागतो म्हणतात.

लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलाबरोबर आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला ठेवा. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्रही हवे. आजी-आजोबा किंवा मामा-मावशी नेत असतील तर दोन्ही पालकांचे. नगरपालिकेचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकूर असलेला नवा काढून घ्या. या कामाला महिनाभर धरा.

कॅम्पच्या वयोमर्यादा वेगळ्याच असतात. कुंपण नसलेले खासगी कॅम्प सहा, आठ, कधी बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. गेंड्यांचा पायी माग काढायला तर मोठीच मुले लागतात (प्रश्न १२). एतोशातले सरकारी मुक्काम कुंपणाच्या आत आहेत आणि तिथे पोहण्याचे तलाव आहेत. लहान मुलांसाठी तेच बरे. सलग चार तास गाडीत बसणे सात वर्षांच्या मुलाला जमत नाही. सकाळी दोन-अडीच तास, दुपारी कॅम्पवर, संध्याकाळी पुन्हा दोन तास, असा बेत ठेवा.

६. गाडी स्वतः चालवायची की गाइड घ्यायचा?

एतोशात स्वतः चालवता येते. उजव्या हाताचे स्टिअरिंग, डाव्या बाजूची वाहतूक, सगळे आपल्यासारखेच. आपला परवाना आणि आरटीओतून काढलेले आंतरराष्ट्रीय परमिट दोन्ही जवळ ठेवा. दामारालँडमध्ये हत्ती किंवा गेंडे शोधायचे असतील तर मात्र स्थानिक गाइड घ्याच. नदीपात्राची वाळू ओळखणे आणि माग वाचणे हे नवख्याचे काम नाही.

खरा धोका खडीच्या रस्त्यावर असतो. रस्ता सरळ, रुंद, मोकळा, म्हणून वेग नकळत शंभरावर जातो. वळणावर मागची चाके सरकतात, चालक घाबरून ब्रेक दाबतो किंवा स्टिअरिंग झटक्याने उलट फिरवतो आणि गाडी उलटते. पर्यटकांचे बरेचसे अपघात असेच होतात, समोरून दुसरे वाहन आलेले नसतानाही. खडीवर ताशी ८० ही कमाल समजा, वळणावर ६०. चाक सरकले तर ब्रेक नको. पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद उचला आणि स्टिअरिंग सरळ धरा.

टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यावर ३० ते ३२ पीएसआय, खडीवर २६च्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १७ ठेवतात. नेमका आकडा गाडी ताब्यात घेताना विचारून लिहून घ्या, कारण तो टायर आणि वजनावर ठरतो. वाळूतून बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरायला विसरलात तर टायरची बाजू चिरते. लांबच्या फेरीसाठी दोन स्टेपनी असलेली गाडी घ्या. विम्यात टायर आणि काचा धरल्या आहेत का ते वाचा, कारण साध्या विम्यात त्या बहुधा नसतात. पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी. अंधारात हायवेवर चालवू नका. कुडू हे मोठ्या म्हशीएवढ्या उंचीचे हरीण थेट दिव्यांसमोर उडी घेते, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात रात्री चालवण्याला बहुतेकदा मनाईच असते.

७. ‘कॅम्प’ म्हणजे नेमकं काय? जमिनीवर झोपायचं का?

या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि बुकिंग करताना घोटाळा इथेच होतो.

‘कॅम्पसाइट’ म्हणजे फक्त जागा. पाण्याचा नळ, विस्तवाची जागा आणि सामाईक स्वच्छतागृह मिळते. तंबू तुमचा, किंवा गाडीच्या टपावर उघडणारा. ‘रेस्ट कॅम्प’ म्हणजे एतोशातले सरकारी मुक्काम. तिथे पक्क्या खोल्या, पलंग, उपाहारगृह, पेट्रोल पंप, शिवाय कॅम्पसाइटही असते. ‘टेंटेड कॅम्प’ म्हणजे लाकडी ओट्यावर उभारलेला कॅनव्हासचा मोठा तंबू, आत खरा पलंग आणि मागे न्हाणीघर. काही ठिकाणी गरम पाणी सौरऊर्जेवर, काही ठिकाणी लाकडाच्या बंबावर तापते. बंबाला तिथे ‘डाँकी’ म्हणतात. बादलीचा शॉवर असेल तर डोक्यावरच्या कॅनव्हासच्या पिशवीत वीसेक लिटर गरम पाणी भरून देतात. आधी अंग भिजवा, दोरी ओढून बंद करा, साबण लावा, मग उरलेले वापरा. नाहीतर साबण अंगावर असतानाच पाणी संपते.

वाळवंटात प्रत्येक लिटर जमिनीखालून उपसलेला किंवा टँकरने आणलेला असतो. रोज टॉवेल धुवायला टाकू नका.

८. कॅम्पला कुंपण नसेल तर रात्री काय?

अंधार पडल्यावर तंबू ते जेवणाचा मंडप हे अंतर कर्मचाऱ्याच्या सोबतीनेच चालायचे, मग ते तीस पावलांचे का असेना. तंबूत शिटी किंवा हॉर्न ठेवलेला असतो. तो आणीबाणीसाठी आहे, चहा मागवायला नाही. तंबूची चेन पूर्ण बंद करा. हत्ती तंबूला लागून चरून जातो, सिंह पलीकडे डरकाळ्या फोडतो, तरी बंद तंबूला ते अडथळाच मानतात. बाहेर डोकावणे, टॉर्च मारणे, फोटोसाठी चेन उघडणे, यांतून मात्र प्रसंग ओढवतो.

आत खाद्यपदार्थ ठेवू नका. संत्री-मोसंबी तर नकोतच, हत्तीला तो वास लांबून येतो. चपला बाहेर काढून ठेवल्या तर कोल्हे पळवतात. कुंपणाच्या आतही कोल्हे येतात, आणि हलालीला हनी बॅजर रात्री कचऱ्याचे डबे उलटे करतात. त्यांना काहीही खायला घालू नका. नामिबियात कोल्ह्यांना आणि कुडूंनाही रेबीज होतो. माणसाला न भिणारा, जवळ येणारा कोल्हा गोंडस वाटला तरी त्याच्यापासून लांब राहा. चावा किंवा ओरखडा आलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लशीसाठी शहर गाठा.

९. एतोशात दिवस कसा आखावा? नुसतं फिरत राहायचं का?

नाही. ताडोब्यात जिप्सीतून ‘कॉल’च्या (प्राण्यांच्या इशाऱ्याच्या हाकेच्या) मागे धावायची सवय असते, ती इथे विसरा. इथे वाट पाहणाऱ्याला दिसते. दिवसाला दोन-तीन पाणवठे निवडा आणि प्रत्येकावर किमान तासभर इंजिन बंद करून बसा. गाडी कुठे लावायची हे तिथे पोहोचल्याबरोबर ठरवा. सूर्य पाठीशी हवा आणि प्राण्यांची पाण्यावर येण्याची वाट मोकळी हवी. हत्तींच्या पायवाटेवर गाडी उभी करणे ही सर्रास दिसणारी चूक आहे.

पहाटे गेट उघडताच सिंहांसाठी ओकोन्डेका पाणवठ्याकडे जा. ते ओकाउकुएयोच्या उत्तरेला, खारपडीच्या काठावर आहे. रात्रीच्या शिकारीनंतर सिंह तिथे पाण्यावर येतात. आठ-साडेआठला पखुर्ड्यांचे थवे उतरतात. नामाक्वा पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात बुचकळून पिल्लांसाठी कित्येक किलोमीटर पाणी वाहून नेतो. दुर्बीण असेल तर ते भिजवणे पाहाच. दहानंतर झेब्रे, स्प्रिंगबॉक, ओरिक्स. उन्हे चढली की हत्ती. त्यासाठी नेब्राउनी किंवा ओलिफान्ट्सबाद बरे. पांढऱ्या चिखलात लोळल्यामुळे एतोशाचे हत्ती भुतासारखे पांढरे दिसतात. पूर्वेला चुडोप आणि क्लाइन नामुटोनीला जिराफ चांगले मिळतात, आणि नामुटोनीच्या झुडपांत सशाहून थोडेसेच मोठे डिक-डिक हरीण असते.

पाणवठा रिकामा दिसला म्हणून लगेच निघू नका. झेब्रे काठाशी येऊन थबकले, माना एकाच दिशेला वळल्या आणि कोणी पीत नसेल, तर जवळ सिंह असण्याची शक्यता दाट. त्यांची नजर जिकडे, तिकडे दुर्बीण फिरवा.

गाडीतून उतरायचे ते फक्त मुक्कामाच्या जागी किंवा कुंपण घातलेल्या थांब्यांवर. वेगमर्यादा ६०, पण प्राणी पाहायचे तर ३०-४० पुरे.

१०. रात्री सफारी असते का?

स्वतःच्या गाडीने नाही. गेट सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते, वेळा तिथल्या फलकावर लिहिलेल्या असतात. रात्रीची फेरी फक्त कॅम्पच्या अधिकृत गाडीतून होते.

खरे तर तिची गरजच पडू नये. ओकाउकुएयोचा पाणवठा रात्रभर मंद प्रकाशात उजळलेला असतो आणि बुटक्या भिंतीच्या अलीकडे बाकांवर बसून तो पाहता येतो. बुद्ध पौर्णिमेला मचाणावर पाणवठ्याची गणना केलेल्यांना ही बैठक ओळखीची वाटेल, फरक इतकाच की समोर काळा गेंडा येतो. साधारण आठ ते अकरा ही वेळ चांगली. एकापाठोपाठ तीन-चार गेंडेही येतात, एकमेकांवर फुरफुरतात, हत्ती त्यांना बाजूला सारतात. कोरड्या दिवसांत एवढ्या जवळून काळा गेंडा पाहण्याची जगात फार थोडी ठिकाणे आहेत.

स्वेटर, कानटोपी, दुर्बीण आणि थर्मासमध्ये चहा न्या. फ्लॅश बंद, फोनचा आवाज बंद, गप्पा नाहीत. पाण्यावरून कुजबुजही पोहोचते आणि गेंड्याची नजर अधू असली तरी कान फार तिखट असतात. हलालीला मोरिंगा पाणवठा खडकांवर बसून पाहतात. पश्चिमेला ओलिफान्ट्सरुसला काचेची दुमजली लपणजागा आहे, मात्र तिथे कॅम्पसाइटच आहे, खोल्या नाहीत.

११. ‘बिग फाइव्ह’ पूर्ण होतात का?

एतोशात नाही. सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा आणि रानम्हैस या पाचांपैकी रानम्हैस इथे नाही. पाणघोडा नाही आणि मगरही नाही. सिंह, हत्ती, काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे आहेत. बिबट्या आहे, पण नशिबाने दिसतो. यादी पूर्ण करण्याच्या नादात दहा दिवस घालवू नका. याच जागी काळ्या तोंडाचा इम्पाला आहे, पश्चिमेला हार्टमनचा डोंगरी झेब्रा आहे, आणि ही दोन्ही जनावरे केनियात दिसत नाहीत.

चित्ता दिसू शकतो. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियातूनच आले होते. मात्र इथले बरेचसे चित्ते राखीव जंगलात नसून खासगी शेतजमिनींवर आहेत.

१२. वाळवंटी हत्ती वेगळ्या जातीचे असतात का? आणि गेंड्यांचा पायी माग काढतात, तो सुरक्षित आहे का?

जात तीच, आफ्रिकी हत्तीची. पाय लांब आणि पावले मोठी दिसतात, कारण अंगावर मांस कमी आणि चाल भरपूर. फरक आहे तो शिकलेल्या वागण्यात. दामारालँडच्या भागातल्या होआनिब, हुआब, उगाब या नद्या वर्षातून काही दिवसच वाहतात, पण पात्राखाली ओल असते. हत्ती वाळूत सोंडेने खड्डा करून झिरपणारे पाणी पितात आणि वेळप्रसंगी पाण्याशिवाय काही दिवस काढतात. नदीकाठच्या आना झाडांच्या शेंगा हे त्यांचे कोरड्या दिवसांतले मुख्य खाणे. झाड बाभळीच्या गोतातले, शेंग वाळलेल्या सफरचंदाच्या फोडीसारखी वळलेली. पाणी कुठल्या वळणाला लागेल हे कळपातल्या म्हातारीला ठाऊक असते. ती गेली की ती माहितीही जाते. म्हणून कळपाला गाडीने कधीही वळवू किंवा अडवू नका.

काळ्या गेंड्यांपैकी जगातले सुमारे एक तृतीयांश नामिबियात आहेत आणि उद्यानाबाहेर मोकळे राहणारे सर्वांत मोठे टोळके याच वायव्य भागात आहे. १९८२ पासून ‘सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट’चे माग काढणारे कर्मचारी त्यांच्यावर पाळत ठेवतात. दामारालँडमधल्या पाल्मवागच्या आसपासच्या काही कॅम्पमधून त्यांच्यासोबत जाता येते. पहाटे गाडीने माग शोधायचा, मग वाऱ्याची दिशा पाहून एका रांगेत पायी जायचे आणि शंभरेक मीटरवर थांबायचे. मातकट कपडे, बंद बूट, अत्तर नाही, बोलणे नाही. गेंड्याने मान वर केली की थिजून उभे राहायचे आणि गाइडने सांगितल्यावरच मागे सरकायचे. हे नियम पाळले तर धोका थोडा आहे. गेंडा दिसेलच याची खात्री मात्र कोणी देत नाही, आणि माग उन्हात सहा-सहा तास चालू शकतो.

एक कळकळीची विनंती आहे. गेंड्याचा फोटो टाकताना ठिकाण, नदीचे नाव किंवा तारीख देऊ नका आणि फोनमधली स्थाननोंद आधीच बंद करा. शिकारी टोळ्या हेच शोधत असतात.

१९९६ च्या कायद्याने इथल्या गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क आणि उत्पन्न मिळाले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांना ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. जमल्यास त्यांच्याशी करार असलेलाच कॅम्प निवडा. हत्तीने विहीर फोडली तरी गाव त्याला जगू देते, त्यामागे हे उत्पन्न आहे.

१३. आम्ही शाकाहारी आहोत (घरात जैनही आहेत). जेवणाचं काय होईल?

खासगी कॅम्प आठवडाभर आधी कळवल्यास चांगले शाकाहारी जेवण देतात. ‘शाकाहारी’ एवढेच लिहू नका. मांस, मासे, अंडी, मांसाचा रस चालत नाही, दूध चालते, असे सुटे सुटे लिहा. जैनांसाठी कांदा, लसूण, बटाटा, गाजर ही नावे घाला. ‘जैन’ हा शब्द तिथल्या स्वयंपाक्याला माहीत नसतो. माल आठवड्यातून एखाद्या वेळी येत असल्यामुळे पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही.

सरकारी मुक्कामात पर्याय कमी. स्वतः शिजवणार असाल तर तांदूळ, मसूर, राजमा, बटाटे, भोपळा विंडहुक, स्वाकोपमुंड किंवा औचोच्या सुपरमार्केटात घ्या. ‘पाप’ म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती शाकाहारी असते. सोबतची रस्साभाजी मात्र विचारून घ्या. घरून मेतकूट, कोरडी चटणी, बंद पाकिटातले उपमा-पोहे न्या. ताजी फळे, भाज्या, कच्चे बियाणे नेऊ नका. मांसाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, एतोशाकडून दक्षिणेला येताना जनावरांच्या रोगनियंत्रणाची चौकी लागते आणि कच्चे मांस तिथे काढून घेतात.

१४. विंचू, साप, मलेरिया?

विंचवाचा सोपा नियम असा: शेपूट जाड आणि नांग्या बारीक, तर विषारी. नांग्या जाड आणि शेपूट बारीक, तर तुलनेने सौम्य. सकाळी बूट झटकून घाला, रात्री अनवाणी फिरू नका, सरपण उचलताना टॉर्च धरा. सापांमध्ये पफ अॅडर हा आपल्या घोणशीसारखा जाड आणि सुस्त, बहुधा पाऊल पडल्यावर चावतो. दंश झाल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काही नको. अवयव हलू न देता कॅम्पला कळवा. तातडीने विमानाने हलवण्याची सोय असलेला प्रवास विमा इथे अत्यावश्यक समजा.

मलेरियाचा धोका एतोशासह उत्तरेत, मुख्यतः पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर. नामिब आणि किनारपट्टीवर तो नगण्य. गोळ्या घ्यायच्या का हे महिना आणि मार्ग सांगून डॉक्टरांना विचारा.

१५. सामान, कॅमेरा आणि चार्जिंग?

छोट्या विमानाने कॅम्पवर जाणार असाल तर सगळे मिळून बहुधा १५ ते २० किलोच चालते आणि तेही चाके नसलेल्या मऊ पिशवीत. कडक सूटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात बसत नाही. जादा सामान विंडहुकला ठेवता येते. कपडे खाकी, मातकट, करडे. थंडीत पहाटेच्या उघड्या गाडीसाठी जाड जाकीट, हातमोजे, कानटोपी.

प्लगची चिंता नको. तिथला मोठा तीन गोल पिनांचा प्लग म्हणजे आपल्या गीझरचा १५ अँपिअरचा, आणि दाबही २२० व्होल्टच. मोबाइलचे चार्जर लावायला मोठ्या पिनेवरून लहान पिनेवर आणणारा आपल्याकडचाच अॅडॉप्टर न्या. सौरऊर्जेच्या कॅम्पवर इलेक्ट्रिक किटली किंवा हेअर ड्रायर लावला तर इन्व्हर्टर बंद पडतो. झोपेत सीपॅप यंत्र लागणाऱ्यांनी बुकिंगआधीच विचारावे.

लेन्स ३०० ते ४०० मिमी पुरते. गाडीच्या खिडकीत टेकवायला कापडी पिशवी रिकामी न्या आणि तिथे किलोभर तांदूळ घेऊन भरा, तो शेवटच्या मुक्कामी शिजवता येतो. गाडी चालू असताना लेन्स बदलू नका, धूळ पिठासारखी बारीक असते. उद्यानांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

१६. सोसुसफ्लेला सूर्योदय गाठायचा तर कुठे राहायचं?

सेस्रिएमच्या फाटकाच्या आत. आतल्या मुक्कामींना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्योदयाला. आत ६० किमी डांबरी रस्ता आहे. ४५व्या किलोमीटरला ‘ड्यून ४५’ हा वाळूचा डोंगर. शेवटचे पाचेक किमी मऊ वाळू, तिथे फोर बाय फोरच जाते. ती नसेल किंवा वाळूत चालवायचा सराव नसेल तर गाडी आधीच्या तळावर लावून शटल घ्या. रोज कोणी ना कोणी तिथे रुततेच, आणि ते बहुधा हवा कमी न करता आत शिरल्यामुळे (प्रश्न ६).

डेडफ्लेपर्यंत (वाळलेल्या झाडांचे कोरडे तळे) वाळूतून एक किमीच्या आसपास चालणे आहे. दहाच्या आत परत फिरा, माणशी दीड लिटर पाणी ठेवा. तिथली वाळलेली झाडे कित्येक शतके तशीच उभी आहेत, त्यांना टेकून फोटो काढू नका.

१७. आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

झेपते, मार्ग निवडून. एतोशाचे पक्के मुक्काम, डांबरी रस्ता आणि ओकाउकुएयोचा पाणवठा एवढ्यावर पाच-सहा दिवस आनंदात जातात, आणि त्यात चालणे जवळपास नाही. कंबरदुखी असेल तर दामारालँडचे खडीचे रस्ते टाळा. टेंटेड कॅम्पला ओट्याच्या पायऱ्या आणि वाळूतली वाट असते, म्हणून मुख्य मंडपाजवळचा तंबू मागून घ्या. औषधे पूर्ण मुदतीची आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. इन्सुलिन थंड ठेवायला सौर फ्रिज मिळेल का, हे लेखी विचारा.

१८. उद्यानात गाडी पंक्चर झाली किंवा गेट बंद व्हायच्या आत पोहोचलो नाही तर?

पंक्चर झाल्यावर लगेच उतरू नका. अगदी हळू चालवत मोकळ्या जागी या, चारही बाजू दुर्बिणीने पाहा, मग दुसरी गाडी येईपर्यंत थांबा. ती आडवी लावून तिच्यातल्यांनी पहारा द्यायचा आणि तुम्ही चाक बदलायचे. झुडपांत किंवा पाणवठ्याजवळ टायर खराब झाला तर खराब झालेल्याच टायरवर पुढे सरकत मोकळ्यावर आणा. टायर गेला तरी चालेल. मऊ जमिनीत जॅक रुततो, त्याखाली ठेवायला फळी आहे का ते गाडी घेतानाच पाहून ठेवा.

उशिरा पोहोचल्यास दंड होतो. त्याहून वाईट म्हणजे अंधारात गाडीसमोर गेंडा किंवा हत्ती येतो. हलालीहून ओकाउकुएयो साधारण ७० किमी, म्हणजे वेगमर्यादेत सव्वा तास, पण वाटेत कळप आडवा आला की अर्धा तास सहज जातो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी परतीला लागा. गाडी बंद पडून अंधार झालाच तर पायी निघू नका. तुम्ही आला नाहीत हे कळावे म्हणून सकाळी बाहेर पडताना कोणत्या पाणवठ्यांकडे जाणार ते स्वागतकक्षात सांगून जा. गाडीत पाच लिटर पाणी, पांघरूण आणि खाऊ नेहमी ठेवा, दिवे अधूनमधून लावा आणि आतच बसा.